नावगावचे उंचवटे आणि आपल्या विहिरीवरचा दगड

वाचकहो, विषय ऐकताच तुमच्यापैकी काहींनी भुवया उंचावल्या असतील. बेळगाव-निपाणीकडचा माणूस, जन्माने जैन, पोट भरतो होमिओपॅथीच्या गोड गोळ्यांवर, आणि बोलतो आहे कोकणातल्या यहुद्यांच्या कबरींबद्दल. हा प्रश्न मला घरातही विचारला गेला. त्याचे उत्तर आमच्या मळ्यातल्या विहिरीपासून सुरू होते, म्हणून आधी तिथेच जाऊ.

आमच्या विहिरीच्या थारोळ्यावर एक लांबट काळा दगड होता. आई आणि काकू त्यावर धुणी आपटत. लहानपणी मीही त्यावर बसून पाय घासले आहेत. दगडाच्या वरच्या अंगाला एक बसलेली आकृती होती आणि खाली काही ओळी. "कानडीत काहीतरी लिहिलंय," एवढेच आजोबा सांगत. पुढे श्रवणबेळगोळला चंद्रगिरीच्या खडकांवरचे लेख पाहिले, तेव्हा डोक्यात उजेड पडला. सल्लेखना घेऊन देह ठेवलेल्या कुणाची तरी ती निषिधी होती. आमच्यात दहन होते, कबर नसते. तरी गेलेल्या माणसासाठी दगड उभा करण्याची चाल आमच्या पूर्वजांना होती. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची, ती सगळ्यांना ठाऊक आहे. पण शिवारात पडलेल्या अशा दगडांचे कुणी विचारत नाही. मी वाचणारा माणूस शोधून आणला तोवर दोन ओळी धुण्याने गेल्या होत्या. नाव त्यातच होते.

आता कोकणात येऊ.

माझे शिक्षण मुंबईला झाले. वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर रायगड जिल्ह्यातला एक मुलगा होता. आडनाव सांगत नाही; शेवटी 'कर' होते आणि घरची भाषा मराठी. शुक्रवारी संध्याकाळी तो दिवा लावी आणि डोक्यावर टोपी घालून प्रार्थना म्हणे. आम्हा दोघांचे जेवणाचे नियम इतरांहून वेगळे, त्यामुळे मेसवाल्याशी भांडताना आमची युती असे. ते कुटुंब बेने इस्रायल. १९८५च्या सुमारास ते सगळे इस्रायलला गेले.

बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरे. त्यांच्या परंपरेनुसार फार पूर्वी एक गलबत चौलच्या बंदराकडे येताना फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि किहीमजवळच्या नावगावच्या किनाऱ्याला लागल्या. बुडालेल्यांची प्रेते लाटांनी आणून टाकली. ती तिथेच पुरली, पुरुषांसाठी एक ठिकाण आणि बायकांसाठी दुसरे. नावगावचे ते उंचवटे बेने इस्रायल आजही दाखवतात. तिथे आता स्मारक आहे आणि परदेशातून आलेली नातवंडे त्यासमोर उभी राहून फोटो काढतात. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ही घटना इसवी सनापूर्वी १७५च्या सुमाराची मानली. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८९७ साली लिहून झाला, पण छापला गेला तेल अवीवमध्ये १९३७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर सुमारे तीस वर्षांनी.

ही कथा ऐकताना तुम्हाला दुसरी एक कथा आठवली असेल. परशुरामाने समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेते जिवंत केली आणि त्यांतून चित्पावन झाले, ती. सात अधिक सात म्हणजे चौदाच. कोणी कोणाकडून घेतली हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. एकाच किनाऱ्यावरच्या दोन समाजांना आपला आरंभ समुद्राने बाहेर टाकलेल्या माणसांत दिसतो, ही गोष्ट मात्र मला मोठी वाटते. लेखी पुरावा पाहाल तर 'बेने इस्रायल' हे नाव १७३८ सालच्या सार्टोरियस या मिशनऱ्याच्या पत्रात येते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात पश्चिम आशियाई यहुदी आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा अंश निघाला. म्हणजे बाहेरून कोणीतरी आले हे खरे. पण ते इसवी सनापूर्वीच आले असे काही त्यातून सिद्ध होत नाही. परंपरेला परंपरेचा मान द्यावा, तारखेचा हट्ट धरू नये, असे माझे मत.

मधल्या काळात हे लोक तेलाचे घाणे चालवत होते. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. हिब्रू विसरली, पोथ्या नव्हत्या. उरली ती सुंता, शनिवारची विश्रांती, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि 'शेमा इस्रायल' ही एक प्रार्थना. पुढे डेव्हिड राहाबी नावाच्या गृहस्थाने त्यांना यहुदी म्हणून ओळखले आणि तीन घराण्यांतल्या माणसांना धर्माचे शिक्षण दिले, अशी आठवण आहे. त्याचा काळ कोणी अकराव्या शतकाइतका मागे नेतो, कोणी अठराव्यात आणतो. आडनावे गावांची: केहिमकर, नावगावकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर, चेऊलकर, झिराडकर. सणही मराठीतले. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण. आणि पुरीम येतो आपल्या शिमग्याच्या सुमारास, म्हणून तो होळीचा सण.

कर्नाटकाशी त्यांचा संबंध नाही असे समजू नका. सॅम्युएल इझिकेल दिवेकर, ज्यांना मराठीत सामाजी हसाजी म्हणत, कंपनीच्या सैन्यात कमांडंट होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले. सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन असा नवस त्यांनी केला, असे सांगतात. १७९६ साली मुंबईत मांडवी भागात ते उभे राहिले. ज्या गल्लीत ते आहे तिला आज सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. मुंबई इलाख्याच्या पलटणींतून बेने इस्रायल मोठ्या संख्येने होते आणि आपला बेळगावचा कॅम्प त्याच इलाख्याचे ठाणे. शिवाय डॉ. जेरुशा झिराड. जन्म शिवमोग्ग्याचा, लंडनहून एम.डी., मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, १९६६ साली पद्मश्री. आमच्या व्यवसायातल्या या बाईंचे गाव अलिबागजवळचे झिराड. आमच्या पॅथीला त्यांनी काय म्हटले असते, हा विचार मी मुद्दाम करत नाही.

आता कबरींकडे. यहुदी धर्मात दहन नाही. पुरलेला देह हलवायचा नाही आणि जागा दुसऱ्या कामाला वापरायची नाही. कबरस्तानाला हिब्रूत 'बेथ हाईम' म्हणतात, म्हणजे जिवंतांचे घर. आपण मेलेल्याला 'वारला', 'देवाघरी गेला' म्हणतो, तसाच हा प्रकार. कबरीवर फुलांऐवजी खडा ठेवायचा आणि बाहेर पडताना हात धुवायचे. ज्या पोथ्यांवर देवाचे नाव आहे त्या फाटल्या तरी रद्दीत जात नाहीत, त्यांनाही माणसासारखे पुरतात. रद्दीच्या दुकानात प्रवचनसंग्रह किलोवर विकणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कोकणातल्या जुन्या कबरी पाहायला गेलात तर तुमची निराशा होईल. जांभ्याचे ढीग, अर्धे जमिनीत गेलेले, अक्षर नाही. घाणा चालवणाऱ्या माणसाला लेख कोरून कोण देणार, आणि लिहायचे तरी कोणत्या लिपीत? अक्षरे दिसू लागतात ती एकोणिसाव्या शतकात. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. बेने इस्रायलांनी त्याचा धर्म घेतला नाही, व्याकरण तेवढे घेतले. मग जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाची हगादा मराठी अर्थासह छापली गेली, आणि तिच्या चित्रांत भाकरी लाटणाऱ्या बायका आपल्याच वळणाच्या पोशाखात आहेत. अब्राहामाच्या, योसेफाच्या आख्यानांची मराठी कीर्तने झाली. हीच लाट कबरस्तानापर्यंत गेली. वर हिब्रू ओळ आणि खाली देवनागरीत नाव, गाव, वय. तिसऱ्या पिढीत देवनागरीच्या जागी इंग्रजी आली. ओळीने दगड पाहत गेलात तर समाजाची शाळा कधी बदलली ते कळते.

हे दगड वाचायचे कसे, तेही सांगतो. अवघड नाही. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते: आलेफ एक, योद दहा, कोफ शंभर. शेवटचे अक्षर ताव, त्याचे चारशे. वर्ष सृष्टीच्या आरंभापासून मोजतात, पण दगडावर हजार बहुधा गाळलेले असतात. ताव, शीन, वाव अशी अक्षरे असली तर ४०० अधिक ३०० अधिक ६, म्हणजे ७०६. त्यात १२४० मिळवले की इसवी सन १९४६. मात्र त्यांचे वर्ष आश्विनाच्या सुमारास सुरू होते, म्हणून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांसाठी आणखी एक वजा करायचा. आम्हा जैनांना वीर निर्वाण संवतात ही सवय आहेच. दिवाळीला वर्ष बदलते आणि हिशोब चुकतो. महिने चांद्र आहेत आणि अधिक महिनाही आहे, एकोणीस वर्षांत सात वेळा. गंमत पंधरा आकड्याची. दहा आणि पाच ही अक्षरे जोडली तर देवाच्या नावाचा भाग होतो, म्हणून नऊ आणि सहा लिहितात. पंचांग सांभाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे सारे तासाभरात समजते.

एक गोष्ट टाळून पुढे जाणार होतो, पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८३६ साली मुंबईत बगदादकडून आलेल्या श्रीमंत यहुद्यांनी सरकारकडे अर्ज केला, की दफनभूमीत आमच्या आणि बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्या. धर्म एक, देव एक, पण मेल्यावरही शेजार नको. पुढे चिंचपोकळीला ससून घराण्याच्या दानातून बगदादी यहुद्यांची दफनभूमी झाली. खुद्द डेव्हिड ससून पुण्याच्या लाल देवळाच्या आवारात विसावले आहेत. आपल्या गावात किती स्मशाने आहेत आणि ती का तितकी आहेत, हे तुम्ही मनातल्या मनात मोजा. मी मोजली आहेत. बेने इस्रायलांना मात्र तिकडे गेल्यावरही 'तुम्ही खरे यहुदी का' हे ऐकावे लागले. लग्नांच्या प्रश्नावरून त्यांनी तिकडे आंदोलने केली आणि १९६४ साली त्यांना पूर्ण यहुदी मानल्याचे जाहीर झाले. अशा वेळी आजोबा-पणजोबांच्या कबरीवरची हिब्रू ओळ हा घरचा कागद असतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास हा समाज वीस हजारांच्या घरात होता. २०११च्या जनगणनेत सबंध भारतात यहुदी ४,६५०, महाराष्ट्रात २,४६६. महाराष्ट्राने त्यांना २०१६ साली अल्पसंख्याक दर्जा दिला. गावे रिकामी झाली आणि कबरस्ताने राहिली. वस्ती गेल्यावर कबरस्तानाचे काय होते? आधी गवत, मग गुरे, मग कुंपणाचे खांब सरकतात. जांभ्यात पिंपळ-उंबराचे रोप रुजते आणि मुळे दगड फोडतात. शंभर वर्षांहून जुने आहे म्हणून सरकारचे संरक्षण आपोआप मिळत नाही; त्याची यादीत नोंद व्हावी लागते. सातबाऱ्यावर काय लिहिले आहे ते कोणी पाहिलेले नसते.

माझ्या मित्राचे पत्र १९९६ साली आले, दिमोनाहून. अक्षर तेच, मराठी तीच. त्याच्या वडिलांचे वय झाले होते. दर वर्षी ते आपल्या वडिलांच्या पुण्यतिथीला दिवा लावत आणि कद्दिश म्हणत. ज्या वहीत तिथ्या लिहिलेल्या होत्या ती वही हरवली आणि वडिलांना दिवस आठवेनासा झाला. कबरीवर तारीख आहे, तू जाऊन पाहून कळव, एवढेच काम. नकाशाही काढून पाठवला होता: ताडाचे झाड, विहीर, तिसरी रांग.

मी पत्र टेबलाच्या खणात ठेवले. दवाखाना होता, मुलांच्या परीक्षा होत्या, तंबाखूच्या हंगामात खोकल्याचे रुग्ण होते. खरे सांगायचे तर कारण काही नव्हते. निपाणीहून अलिबाग म्हणजे काही काशी नव्हे. चार वर्षे गेली. २००० सालच्या डिसेंबरात गेलो, तोही एका लग्नाच्या निमित्ताने.

सकाळी नावगाव पाहिले आणि दुपारी मित्राच्या गावी गेलो. ताड पडला होता, विहीर होती. शेजारच्या वाडीतले एक म्हातारे गृहस्थ कोयता घेऊन पुढे झाले आणि करवंदीची जाळी तोडता तोडता म्हणाले, "ह्यांच्याकडं सणाला आमी खीर खाल्लीय." कबर सापडली. चुन्याच्या गिलाव्यात बसवलेला संगमरवराचा तुकडा, त्यावर शेवाळ आणि काळे डाग. मराठी नाव बोटांनी लागत होते. वर हिब्रू ओळ अर्धवट.

तिथे मी जे केले ते आज सांगतानाही जीभ अडखळते. बाजारातून संडास साफ करायचे ॲसिड आणि तारेचा ब्रश आणला. मला वाटले, स्वच्छ करून वाचावे. संगमरवर म्हणजे चुनखडीच, आणि ॲसिड पडले की चुनखडी फसफसते, हे मी बारावीत शिकलो होतो. बी.एच.एम.एस. झालेला माणूस मी. फेस आला तेव्हा मळ निघतो आहे असे समजून आणखी ओतले. डाग गेले आणि त्यांच्याबरोबर उथळ कोरलेली अक्षरेही गेली. वर्षाची तीन अक्षरे खोल होती, ती राहिली: ताव, शीन, वाव. महिन्याचे नाव राहिले: किसलेव, म्हणजे साधारण आपला मार्गशीर्ष. दिवसाची अक्षरे होती त्या जागी गुळगुळीत पांढरा दगड. आधी फोटो काढला नव्हता. कॅमेरा लग्नासाठी म्हणून पिशवीतच होता.

आमच्या शास्त्रात पहिला धडा असा, की आधी रुग्णाचे सगळे ऐकून घ्या, औषधाला हात नंतर लावा. रुग्णाच्या बाबतीत मी तो पाळतो.

मित्राला पत्र लिहायला तीन महिने लागले. जे झाले ते तसेच लिहिले. त्याचे उत्तर आले, रागाचा शब्द नव्हता. तिथी माहीत नसेल तर घरच्यांनी एक दिवस ठरवून घ्यायचा, अशी त्यांच्यात सोय आहे. महिना कळला, वडील आता किसलेवच्या पहिल्या दिवशी दिवा लावतात, असे त्याने कळवले. खाली एक ओळ होती: "पुढच्या वेळी नुसतं पाणी वापर." वडील आणखी सहा वर्षे जगले. म्हणजे सहा दिवे. मी चार वर्षे आधी गेलो असतो तरी ॲसिडच घेऊन गेलो असतो, अशी मी मनाची समजूत घालतो, पण ती पटत नाही.

त्यानंतर मी हा विषय शिकलो आणि जे शिकलो ते तुमच्यापैकी कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. आपल्याकडेही जुनी थडगी, समाध्या, वीरगळ आणि निषिधी शिवारभर आहेत. दगडाला हात लावण्यापूर्वी फोटो काढा, जवळून आणि लांबून. अक्षरे दिसत नसली तर सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात या, नाहीतर दुपारी आरशाने बाजूने कवडसा पाडा. सपाट दिसणाऱ्या दगडावर ओळी उभ्या राहतात, मी स्वतः पाहिले आहे. अक्षरांत खडू, पीठ, कुंकू भरू नका. धुवायचेच असेल तर साधे पाणी आणि मऊ ब्रश, खालून वर. दगड खिळखिळा असेल तर तेही नको. रोप रुजले असेल तर उपटू नका, मुळाबरोबर दगड येतो. बुंध्याशी कापत राहा, वर्षानुवर्षे. फुटलेल्या दगडाला सिमेंट लावू नका. सिमेंट पाणी अडवते आणि मऊ दगड त्याच्या कडेने सोलत जातो. जुन्या कामाला चुना चालतो. पडलेला दगड उत्साहाने दुसरीकडे नेऊन ओळीत उभा करू नका, कारण तो कुणाच्या तरी डोक्याशी होता. आणि तलाठ्याकडे जाऊन उतारा पाहा. हे काम सगळ्यांत कंटाळवाणे आहे आणि सगळ्यांत मोलाचे.

कोल्हापूरकडचे लोक सांगतील, की वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिलेल्या पोलिश निर्वासितांच्या कबरी आता नीट केल्या आहेत आणि महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. तिथे एक देश पाठीशी होता. बेने इस्रायलांच्या खेड्यातल्या कबरींपाठीशी बहुधा एखादे कुटुंब असते, तेही हजारो मैलांवर, आणि कोयता घेऊन पुढे होणारा शेजारी. त्या वाडीतल्या गृहस्थांना मी दर मार्गशीर्षात फोन करी. ते गेले. आता त्यांचा मुलगा जाळी तोडतो. मी पैसे पाठवायचे म्हटले तर म्हणाला, "आमचीच मानसं हायत ती."

राहिला आमच्या विहिरीवरचा दगड. परत आल्यावर मी तो उचलून सोप्यात ठेवायचे ठरवले. मळा आता चुलत भावाच्या वाटणीला आहे. तो म्हणाला, "न्या की, पण आधी धुण्याला दुसरा आणून द्या." गोकाकहून एक चांगली फरशी आणून दिली. निषिधी आता सोप्यात भिंतीला टेकून उभी आहे. मूळ जागेवरून दगड हलवू नये असे मी आत्ताच वर सांगितले, हे माझ्या लक्षात आहे. विहिरीवर येण्याआधी तो कुठल्या बांधावर होता हे सांगणारे आजोबा राहिले नाहीत. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास खिडकीतून तिरपे ऊन येते तेव्हा खालच्या ओळीतली चार अक्षरे वाचता येतात. कुणाला यायचे असेल तर त्या वेळी या.